जिंकला तो बसला

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार

पोचलो एकदाचा. वसमतहून निघालेली गाडी सकाळी पनवेल डेपोत लागली तेव्हा कंबरडं मोडलं होतं, पण खाली उतरल्यावर एकदम मोकळं वाटलं. ओळखीचं एक तोंड नाही. "कुंदन, आता कुठं कामाला?" असं विचारणारं कुणी नाही. चहा घेतला, नळावर तोंड धुतलं आणि रिक्षानं सुकापूरला आलो.

शैलेशशेठ बरा माणूस दिसतो. बोटांत अंगठ्या भरपूर, बोलणं कमी. इथले मूळचे आगरी. भाताची खाचरं होती तिथं आता त्यांच्या दोन बिल्डिंगी उभ्या आहेत, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर हे गेमचं दुकान. चार टीव्ही, चार गेमचे डबे, प्रत्येक टीव्हीसमोर दोन खुर्च्या. आणि एसी. मी जन्मात पहिल्यांदा एसीत काम करणार. काम म्हणजे पोरांना वेळ लावून द्यायची, कंट्रोलर पुसायचे, थंडा द्यायचा, भांडणं सोडवायची. झोपायला पोटमाळा. दुपारचं जेवण वरच्या मजल्यावरून शेठची आई गंगाबाई आणून देते. आज बोंबलाचं कालवण होतं. पहिला घास घाबरत खाल्ला, मग ताट पुसून खाल्लं.

ही डायरी शेठनं दिली. सिमेंटवाल्यांनी त्यांना वाटलेली, वर बैलाचं चित्र. आई निघताना म्हणाली होती, राग आला की हात उचलू नको, कुठंतरी लिहून टाक. ढाब्यावर मी एकाचं नाक फोडलं तेव्हापासून ती हेच म्हणते. बाबा आदल्या दिवशी ओट्यावर चार माणसांत म्हणाले होते की हा पोरगा एका जागी बसत नाही, याच्या बुडाला भोवरा आहे. वीटभट्टी, जिनिंग, ढाबा, मोबाईलचं दुकान, सगळं मोजून दाखवलं. सगळे हसले. त्या हसण्यापायी मी इथं आलोय. नाव करीन तेव्हाच घरी जाईन.

भिंतीवर एक पुठ्ठा आहे, मार्करनं लिहिलेला. जिंकला तो बसला. हरला तो उठला. सलग दहा, खुर्ची त्याची. इथं हाच कायदा. जो हरतो त्यानं उठून दुसऱ्याला जागा द्यायची, जो दहा वेळा लागोपाठ जिंकतो त्याला दिवसभर कुणी उठवायचं नाही. कुणी लिहिलं म्हणून विचारलं तर शेठ म्हणाले, आधी महादेव म्हणून कामाला होता, त्यानं. तो आता नसतो.

चार नंबरच्या टीव्हीवर चादर टाकलेली आहे. शेठ म्हणाले, डबा खराब आहे. तिथल्या उजव्या खुर्चीवर कुणीतरी मूठभर जाडं मीठ टाकलंय. उंदरांसाठी असेल.

७ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवसांत मला कुणी उठवलेलं नाही. हा मारामारीचा गेम मी मोबाईलच्या दुकानात असताना शेजारच्या गेम पार्लरात शिकलो. दोन माणसं समोरासमोर, नव्व्याण्णव सेकंद, ज्याचा जीव जास्त उरला तो जिंकला. यात अक्कल लागते, शाळा लागत नाही. सातवीत शाळा सोडली ते बरंच केलं.

आज कॉलेजची पोरं खेळायला आली होती. त्यांनी सांगितलं, खारघरला प्रांजल नावाचा एक जण टीम बनवतोय, बाहेरगावी स्पर्धांना नेणार आहे. त्याची एकच अट. सलग दहा डाव जिंकल्याचं रेकॉर्डिंग दाखवायचं. मोबाईल टीव्हीसमोर धरून काढलेलं चालणार नाही, कुठं कापलेलं चालणार नाही. डब्यातून निघालेलं चित्र जसंच्या तसं पाहिजे. त्याला कॅप्चर कार्ड लागतं. मुदत नऊ मार्चपर्यंत.

एक जण म्हणाला, मामा, तुमच्याच्यानं काय ते जोडणं होणार नाही, इंग्लिशमध्ये असतं सगळं. बाकीचे फिदीफिदी हसले.

बघतोच.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

कॅप्चर कार्ड घ्यायला शेठ लगेच हो म्हणाले. दुकानाचे व्हिडिओ नेटवर टाकले तर गिऱ्हाईक वाढेल असं त्यांना कुणीतरी सांगितलेलंच होतं. सकाळी जुन्या पनवेलात टपाल नाक्याजवळ दीपेशच्या दुकानात गेलो. हा कॉम्प्युटरचं सुटं सामान विकतो. मी कॅप्चर कार्ड म्हटल्यावर त्यानं माझ्या चपलेकडं बघितलं आणि म्हणाला, कुणी पाठवलंय तुला? मला पाहिजे म्हटलं. मग म्हणाला, "भाऊ, हे खेळणं नाय, नीट इचार करून घे. वायर जोडता येते का?" आईचं आठवलं, हात खिशात घातला; राग इथं लिहून टाकायचा होता.

तीन प्रकार दाखवले. पहिलं अंगठ्याएवढं, एका बाजूला पिवळी-लाल-पांढरी भोकं, दुसरी बाजू कॉम्प्युटरात. स्वस्त. पण लावून दाखवलं तर चित्र असं, जसं डोळ्यात पाणी आल्यावर दिसतं. मारणाऱ्याचा हात कुठला आणि पाय कुठला कळेना. दुसरं कॉम्प्युटरचं पोट उघडून आत बसवायचं. आमचं पोट शेठ उघडू देणार नाहीत, त्याच्यात बिल्डिंगीचे कागद आहेत. तिसरं म्हणजे एक काळी डबी, साबणाएवढी. गेमचं चित्र तिच्यात शिरतं आणि दोन वाटा होतात. एक सरळ टीव्हीला, एक वायरनं कॉम्प्युटरला. टीव्हीवर खेळायचं, कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं. दीपेश म्हणाला, कॉम्प्युटरवर चित्र दीड सेकंद मागून दिसेल, तिकडं बघून खेळू नको, वेडा होशील.

तिसरंच घेतलं. विचार करून घेतलं. परत येताना डबी मांडीवर धरून बसलो होतो, नवं लेकरू धरल्यासारखी.

१६ फेब्रुवारी, शनिवार

डोक्याचा भुगा झालाय.

दुपारी एक ते चार दुकानात चिटपाखरू नसतं, शटर अर्धं पाडलेलं असतं. त्या वेळात चार दिवस झगडतोय. आधी जाडी एचडीएमआय वायर लावली. टीव्ही काळा, कॉम्प्युटर काळा. वायर बदलली, भोक बदललं, कॉम्प्युटर दहा वेळा बंद-चालू केला. शेवटी दीपेशला फोन केला. तो आरामात म्हणाला, त्या डब्याला आतून कुलूप असतं, त्या वायरीतून रेकॉर्ड होऊ देत नाही, हिरवी-निळी-लाल वायर लाव. मग दुकानात असताना काहून नाही सांगितलंस? तर म्हणतो, तू विचारलं नाहीस.

फोन आपटला. स्वतःचाच. काच गेली.

रंगीत वायर लावली. चित्र आलं, पण सगळे हिरवे, भुतासारखे. दोन तास. मग लक्षात आलं की लाल टोकं दोन आहेत, एक चित्राचं, एक आवाजाचं, मी अदलाबदल केली होती. कुणी नव्हतं तरी लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून परत राग आला.

सगळ्यात वाईट म्हणजे ही वायर आखूड आहे. कॉम्प्युटर कोपऱ्यात, भिंतीला पक्का. तिथंपर्यंत फक्त चार नंबरचा डबा पोचतो. चादर काढून चालू केला तर तो डबा ठणठणीत. मग खराब का सांगितला? डाव्या खुर्चीवर मी बसलो. उजवीवरचं मीठ पाणी सुटून ओलं झालं होतं, खाली वायरींवर ठिबकत होतं. नव्या डबीला मीठ लागलं तर संपलंच. फडक्यानं सगळं पुसून गटारात टाकलं.

गंगाबाई ताट घेऊन आली आणि खुर्ची बघून दारातच थांबली. तिचं माहेर उरणकडं, द्रोणागिरीच्या खाली, मिठागरवाल्यांचं. बोलते ते मला निम्मंच कळतं. पण मीठ का काढलं म्हणतेय, हे कळलं. म्हणाली, "बाला, मीठ कनाला कारलंस? तिकरं मानूस बसलेला हाय."

मी म्हटलं, काकी, तुमच्या माणसाला सांगा की वायरीवर पाय देऊ नको. ती हसली नाही. ताट ठेवून गेली.

२० फेब्रुवारी, बुधवार

काम फत्ते. कार्ड चाललं. सराव म्हणून दुपारी एकट्यानं, मशीनशीच, सगळ्यात अवघड पातळीवर पाच डाव खेळलो. समोर माणूस नसला की गेममध्ये त्याच्या नावाखाली सीपीयू असं लिहून येतं. पाचही डाव जिंकलो. मग रेकॉर्डिंग लावून बघायला बसलो.

रेकॉर्डिंगमध्ये मी हरलोय.

पाचही डाव. टीव्हीवर मी जिंकलो, हे या डोळ्यांनी बघितलं. कॉम्प्युटरमध्ये उतरलंय ते वेगळंच. माझा गडी मार खातोय. आणि समोरच्याच्या नावाखाली सीपीयू लिहिलेलं नाही. टू-पी लिहिलंय. म्हणजे दुसरा खेळाडू. माणूस. दुसरा कंट्रोलर तर टेबलाच्या खणात आहे, त्याची बॅटरी मेलेली आहे.

दीपेशनं कुणाचं तरी वापरलेलं कार्ड मला नवं म्हणून दिलं. आत जुनं रेकॉर्डिंग राहिलं असणार. अडाणी समजून गंडवलं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रांजल स्वतः आला होता, दुकान बघायला. गोरा, चष्मा, गळ्यात हेडफोन. बुधवारच्या पाच डावांचं रेकॉर्डिंग पोरांनी मला न विचारता त्याला लावून दाखवलं. मी मध्ये पडून सांगत होतो की हे खरं नाही, यात मी जिंकलो होतो, कार्ड बिघडलंय. सगळे माझ्याकडं बघत होते, जसं बाबांच्या चार माणसांनी बघितलं होतं तसं.

प्रांजल म्हणाला की रेकॉर्डिंग खोटं बोलत नाही. मग म्हणाला, "हा टू-पी कोण आहे? काय खेळतो यार. त्याला आण ना माझ्याकडे."

त्याला आण.

मुठी आवळून पोटमाळ्यावर गेलो. लिहितोय. कागद फाटतोय पेनानं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

दीपेशकडं जाऊन त्याच्या टेबलावर कार्ड आपटलं. त्यानं शांतपणे आपल्या डब्याला जोडलं आणि रेकॉर्ड करून दाखवलं. जे टीव्हीवर तेच कॉम्प्युटरात. सीपीयू म्हणजे सीपीयू. आत काही साठत नाही म्हणाला, ही नळी आहे, टाकी नाही. तरी कटकट नको म्हणून नवं फोडून दिलं.

नवं लावलं. तेच. टीव्हीवर सीपीयू, कॉम्प्युटरवर टू-पी. आज मी खेळता खेळता मान वळवून कॉम्प्युटरकडं बघितलं. तिथं दीड सेकंद मागून तो मला मारत होता. नीट, सावकाश, मजा घेत. प्रत्येक डाव संपला की त्याचा गडी दोन बोटांनी मला खुणावायचा. ये. अजून एक ये. गेममध्ये अशी खूण कुठल्याच बटणावर नाही. मी सगळी बटणं ओळखतो.

डाव संपला आणि उजवी खुर्ची करकरली. कुणी मांडी बदलून बसावं तशी.

भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. डोक्यात एकच होतं, हा भाड्या मला हरवतोय.

१ मार्च, शुक्रवार

टीव्हीवर चादर टाकली. तिकडं बघायचंच नाही. आता कॉम्प्युटरकडं बघूनच खेळतो.

दीपेश म्हणाला होता तसं वेड लागायची पाळी येते. बटण आता दाबलं की गडी दीड सेकंदानं हलतो. म्हणजे समोरचा पुढं काय करणार ते दीड सेकंद आधी ओळखून आत्ताच दाबायचं. दोन दिवस नुसता मार खाल्ला. जेवलो नाही. एका गिऱ्हाईकाला हाकललं. शेठ म्हणाले एवढं चिडायला काय झालं, तर त्यांच्यावरही ओरडलो.

आज दुपारी जमलं. तो पाय उचलायच्या आधी मला कळायला लागलं. पहिला डाव जिंकला. दुसरा. तिसरा. रेकॉर्डिंग बघितलं, त्यातही मीच जिंकलेला. आता बोलवा त्या प्रांजलला.

उठताना दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. भिंत धरून उभा राहिलो.

४ मार्च, सोमवार

नऊ. सलग नऊ.

दहावा खेळलो नाही. नवव्यात एक गोष्ट बघितली. सातव्यापासूनच शंका होती. तो मारत नाही. हात खाली सोडून उभा राहतो. मी मारतो, तो खातो. आठव्यात तर स्वतःहून पुढं चालत आला, माझ्या ठोशाखाली.

मला कुणी दान दिलेलं चालत नाही. डोकं सणकलं, कंट्रोलर ठेवून उठायला गेलो. उठता येईना. मांड्या खुर्चीला चिकटल्यासारख्या. हातांनी पाय उचलून खाली ठेवले. पोटमाळ्याची शिडी चढायला अर्धा तास लागला.

५ मार्च, मंगळवार

सकाळी पिशवी भरली. जाऊ दे ती टीम, घरी जातो म्हटलं, हसू दे लोकांना. शटरपर्यंत गेलो. पायरीच्या पुढं पाय उचलला जात नाही. लुळा नाही, दुखत नाही. नुसता उचलला जात नाही, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मागं वळलं की चालतो. चार नंबरकडं तर पटापट चालतो.

गंगाबाईला हाक मारली. तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच नीट सांगितलं. तीही पहिल्यांदाच नीट बोलली.

महादेव माझ्यासारखाच लांबून आलेला. कुठून ते कुणी विचारलं नव्हतं. पुठ्ठ्यावरचा कायदा त्याचाच. एका सकाळी त्यानं सलग दहा काढले आणि उजव्या खुर्चीत बसून राहिला. दिवसभर पोरं शेजारी बसून त्याच्याशी खेळली, हरली, उठली. संध्याकाळी एकाचा हात त्याच्या हाताला लागला. डॉक्टर म्हणाला, हा सकाळपासून गार आहे.

पोरं तर संध्याकाळपर्यंत त्याच्याशी खेळून हरत होती.

गाव ठाऊक नाही म्हणून घरी कळवता आलं नाही. शेठनं इथंच उरकलं. पण तो उठला नव्हता. दुकानाचाच कायदा, हरला तरच उठणार, आणि त्याला हरवणारा कुणी नाही. गंगाबाईच्या माहेरी म्हणतात, मिठात ठेवलेलं हलत नाही, नासत नाही. म्हणून तिनं खुर्चीवर मीठ टाकलं. निदान निजून राहील म्हणून. मी ते पुसलं.

मी विचारलं, मग आधी मला एवढं हरवलं काहून? त्याला हरायचंच होतं तर पहिल्याच दिवशी हरायचं. ती म्हणाली, "पयलेच दिवशी हारला असता त तू जिकून निंगून गेला असतास. चिरल्याबिगर, राग आल्याबिगर कोन एका जागी बसतं?"

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, एक डाव हार आणि ऊठ. तू हारलास की तुझी साखळी तुटली, तू सुटलास. तिनं उजव्या खुर्चीवर नवं मीठ टाकलं. तासाभरात त्याचं पाणी झालं.

मी जन्मात मुद्दाम हरलो नाही. पण उद्या हरीन. आईशप्पथ हरीन.

६ मार्च, बुधवार. दुपारी दोन

बसलो. रेकॉर्डिंग चालू आहे, बंद होत नाही. टीव्हीवर चादर आहे. आता खेळतो. हरलो की लिहितो.

६ मार्च. तीन वाजून गेले

जसं झालं तसं लिहितो.

डाव सुरू झाला. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. हात जोडून बसलो. मार म्हटलं, किती मारायचं ते मार.

तो मारेना.

त्यानंही हात खाली सोडलेले. दोघं समोरासमोर नुसते उभे. घड्याळ नव्वद. ऐंशी. सारखा जीव उरला तर बरोबरी होते, परत खेळावं लागतं, एवढंच. मी थांबलो. मला थांबता येतं हे मला माहीत नव्हतं.

साठ. त्यानं ती खूण केली. दोन बोटांनी. ये.

मी हललो नाही.

पन्नास. मग तो खाली बसला. मांडी घालून. पाठ माझ्याकडं केली. आणि खुर्चीतून, इथून, माझ्या उजव्या कानाशी, कुणीतरी हसलं. एक जण नाही. चार माणसं हसली. वसमतच्या ओट्यावरची ती चार माणसं –

मी बटण दाबलं. दाबलं गेलं. एकदाच.

दीड सेकंद. त्या दीड सेकंदात मला कळलं होतं. ठोसा अजून निघाला नव्हता, माझा गडी अजून उभा होता, आणि मी ओरडत होतो, थांब, थांब. परत घेता येत नाही. नळी आहे.

लागला. त्याचा जीव तसूभर कमी झाला. तेवढाच.

मग मी त्याच्या पुढं गेलो, त्याच्या अंगावर पडलो, त्याच्या हाताखाली जाऊन उभा राहिलो. मार. मार ना रे. पाया पडलो. तो बसून राहिला. वीस. दहा. तीन.

शून्य.

जिंकलो.

उजवी खुर्ची करकरली. मोकळी झाली. गादी हळूहळू वर आली. शटरकडं गेल्याची पावलं, चपलेची. पायरीवर थांबली नाहीत.

६ मार्च

उठता येत नाही.

७ मार्च

शेठ आले. हाक मारली. मी ओ दिली. त्यांना ऐकू गेली नाही. खांदा हलवला आणि हात एकदम मागं घेतला. मग फोनवर कुणाला तरी विचारत होते, याचं गाव कुठलं, काही लिहून घेतलंय का.

शेठ, वसमत. डायरीत आहे. डायरी माझ्या मांडीवर आहे. खाली बघा ना –

बघितली नाही. चादर शोधत होते.

८ मार्च असेल

अंग त्यांनी नेलं. माझं. मी बघितलं. मी इथंच.

डायरी पण नेली. तरी ही आहे. पेन पण आहे.

गंगाबाई एकटी आली. रडत होती. मूठ उघडली. मीठ माझ्या मांडीवर टाकत होती. थंड आहे. काकी, नको – डोळे मिटायला लागलेत –

बाबा, बघा. बसलो.

तारीख माहीत नाही

मीठ कुणीतरी पुसलं. जागा झालो.

नवा माणूस आलाय. बॅग अजून खांद्याला आहे. पुठ्ठा वाचतोय, हसतोय. आखूड वायर हातात धरून कोपऱ्याकडं बघतोय. शेजारी येऊन बसला. चांगला खेळतो. लगेच हरून टाकू का? घाई झालीय मला, लई घाई –

नाही. लगेच हरलो तर निघून जाईल. आधी चार-पाच डाव हरवायला पाहिजे. दोन बोटांनी बोलवायला पाहिजे. चिडल्याशिवाय माणूस एका जागी बस